बेसबॉलची खतावणी

बँकेत काम करणाऱ्या माणसाने घरी आल्यावर आकड्यांचं नाव काढू नये, असा आमच्या घरचा अलिखित नियम आहे. अलिखित अशासाठी, की तो सौभाग्यवतींनी तोंडी जाहीर केला आणि आजवर त्याला कुणाची लेखी हरकत आलेली नाही. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे आणि संध्याकाळी वाण्याच्या यादीची बेरीज करताना चुकायचं, हा माझा बावीस वर्षांचा शिरस्ता. तो मोडला आमच्या भाच्याने.

भाचा अमेरिकेत असतो. ओहायो राज्यात, कोलंबस शहरी. तिथं तो नेमकं काय काम करतो हे त्याच्या आईलाही नीट सांगता येत नाही. पण ‘एसीत बसून करतो’ एवढं ती सांगते आणि ऐकणाऱ्याचं समाधान होतं. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. हवा, पाणी, जेवण आणि लग्न या चार विषयांवर बोलून तो फोन ठेवतो. (शेवटचा विषय आईचा, पहिले तीन त्याचे.) त्या रविवारी मात्र त्याने थेट मला बोलावलं.

“मामा, तू कॉमर्सवाला ना?”

भाच्याने हा प्रश्न विचारला की मामाने खिशावर हात ठेवावा हे उत्तम. मी ठेवला. पण मागणी पैशांची नव्हती, न्यायाची होती. त्याच्या कचेरीत दोन सहकारी आहेत. एक मेरिएटा कॉलेजात शिकलेला, दुसरा कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात. दोन्ही कॉलेजं लहान, दोघांचा अभिमान मोठा. लहान कॉलेजांत बेसबॉल कुणाचा भारी, यावरून रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांची जुंपते. एक म्हणतो, “आमची अजिंक्यपदं मोज.” दुसरा म्हणतो, “आमचा तो एक हंगाम बघ.” शेवटी कंटाळून भाच्याने सांगून टाकलं, की आमचे मामा बँकेत आहेत, ते हिशेब करून निकाल देतील.

बेसबॉलबद्दलचं माझं ज्ञान सांगून टाकतो म्हणजे वाचकांचा गैरसमज नको. त्या खेळात एक दांडका असतो आणि तो हिंदी सिनेमात मारामारीच्या वेळी मोटारीच्या डिकीतून निघतो. आपल्याकडे हा दांडका खेळायला कमी आणि भाडेकरूला घाबरवायला जास्त विकला जात असावा. पण बँकेत आम्ही न पाहिलेल्या कारखान्यांचे ताळेबंद तपासतोच ना? मग न पाहिलेल्या खेळाचे का तपासू नयेत? मी हो म्हटलं.

हो म्हणायला आणखी एक कारण होतं. त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी माझ्या गळ्यात दुसरं काम मारलं होतं. आमचे हेडकॅशिअर अण्णा एकतीस वर्षांची नोकरी करून महिनाअखेर निवृत्त होणार होते. “तुम्ही काहीतरी लिहिता म्हणे,” साहेब म्हणाले, “मग निरोपाचं भाषण तुम्हीच करा. पाच मिनिटं.” आता एकतीस वर्षं रोज नोटा मोजणाऱ्या माणसाबद्दल पाच मिनिटं बोलायचं काय? अण्णांना पारितोषिक नाही, पदक नाही, बढती घेऊन परगावी गेले नाहीत. रोज सकाळी तिजोरी उघडायची, रोज संध्याकाळी रोख जुळवायची आणि पिशवी उचलून घरी जायचं. कोऱ्या कागदावर ‘आदरणीय अण्णा’ एवढं लिहून मी चार दिवस बसलो होतो. भाच्याचा बेसबॉल मला सुटकेसारखा वाटला.

आता प्रकरण समजून घ्या. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए नावाची संस्था आहे. तिने १९७३ साली कॉलेजांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात मोठी विद्यापीठं. तिथं खेळाडूंना शिष्यवृत्त्या मिळतात आणि सामने टीव्हीवर दिसतात. तिसऱ्या वर्गात लहान कॉलेजं. तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. म्हणजे पोरगं सकाळी रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स करणार, दुपारी चेंडू फेकणार आणि फी आईबाप भरणार. या तिसऱ्या वर्गाची बेसबॉलची अजिंक्यपद स्पर्धा १९७६ साली सुरू झाली. आमचा खटला याच वर्गातला.

बेसबॉलमध्ये नऊ-नऊ खेळाडू, नऊ डाव, आणि बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत जादा डाव. अंधार किंवा पावसाने घोळ घातला तरच सामना अनिर्णित. त्यामुळे हिशेब फार सुटसुटीत. अमुक संघ ‘४५-१’ म्हणजे पंचेचाळीस जिंकले, एक हरले. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जिंकलेल्यांना एकूण सामन्यांनी भागायचं, अनिर्णित सामना अर्धा धरायचा आणि उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत लिहायचं. मी मनात म्हटलं, हा खेळ एखाद्या कॅशिअरनेच काढलेला असणार.

पहिली फाईल मेरिएटाची. ओहायो नदीच्या काठचं हे गाव १७८८ साली वसलं आणि त्याला फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं नाव दिलं. पुढं पाच वर्षांनी राणीचं डोकं गेलं, गावाचं नाव राहिलं. इथल्या कॉलेजात १९६४ ते २००३ असे चाळीस हंगाम डॉन शेली नावाचे गृहस्थ बेसबॉलचे प्रशिक्षक होते. ते स्वतः याच कॉलेजचे विद्यार्थी. त्यांचा हिशेब असा: जिंकले १४४२, हरले ३२९, अनिर्णित १३. तेरांचे अर्धे साडेसहा, भागाकार.८१२. म्हणजे शंभरात एक्क्याऐंशी विजय, आणि तेही एखाद्या वर्षी नव्हे, चाळीस वर्षं सरासरी. वर्षाला छत्तीस सामने जिंकायचे, आणि जुनी मुलं पदवी घेऊन गेली की नव्या मुलांना पुन्हा तेच शिकवायचं.

हा आकडा पाहून मी चष्मा पुसला. आमच्या शाखेत चाळीस वर्षांत नऊ मॅनेजर आले आणि प्रत्येकाने आल्या आल्या टेबलांच्या जागा बदलल्या.

शेलींच्या काळात मेरिएटाने १९८१, १९८३ आणि १९८६ साली अजिंक्यपद जिंकलं. इथं ट्रिनिटीवाल्याची हरकत आली. भाच्याने ती मला जशीच्या तशी कळवली: “मामा, तो म्हणतो की तेव्हा अंतिम स्पर्धा मेरिएटाच्याच मैदानावर व्हायची. जिंकणार नाहीत तर काय करतील?”

हरकत खरी होती. १९७६ पासून १९८७ पर्यंत ही स्पर्धा मेरिएटालाच भरत असे. परीक्षेचं केंद्र आपल्याच वाड्यात आलं तर मुलगा पास होण्याची शक्यता वाढते, हे मलाही मान्य. पण नोंदवही पुढं वाचली. १९७८ साली याच गावात अंतिम सामन्यात न्यू जर्सीच्या ग्लासबरो स्टेटने मेरिएटाला हरवलं आणि १९८० साली न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाने. घरचं मैदान मदत करतं, पण मार्कं वाढवून देत नाही. शेलींनंतर ब्रायन ब्रूअर प्रशिक्षक झाले आणि मेरिएटाने २००६, २०११, २०१२ अशी आणखी तीन अजिंक्यपदं मिळवली. तेव्हा स्पर्धा विस्कॉन्सिन राज्यातल्या ॲपलटनला होत होती, घरापासून शेकडो मैलांवर. एकूण सहा. तिसऱ्या वर्गात एवढी दुसऱ्या कुणाकडे नाहीत. त्यांच्या मागोमाग ईस्टर्न कनेक्टिकट. त्यांची पाच, १९८२, १९९०, १९९८, २००२ आणि २०२२. आमच्या आळीतल्या सार्वजनिक गणपतीची वर्गणीसुद्धा इतकी टप्प्याटप्प्याने गोळा होत नाही.

दुसरी फाईल ट्रिनिटीची. तिच्यात सांगण्यासारखं एकच पान, पण काय पान! साल २००८. हंगाम सुरू झाला, ट्रिनिटी जिंकली. पुन्हा जिंकली. दहा झाले, वीस झाले, चाळीस झाले, हार नाही. चव्वेचाळीस विजय खिशात घालून हा संघ ॲपलटनला अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर उभा राहिला आणि तिथं जॉन्स हॉपकिन्सने त्यांना हरवलं.

हे वाचताना माझ्याच पोटात गोळा आला. चव्वेचाळीस वेळा रोख जुळली आणि ऐन इन्स्पेक्शनच्या दिवशी शंभराची नोट कमी!

पण या स्पर्धेचा नियम दयाळू आहे. एकदा हरलं की बाहेर, असं नाही. दोनदा हरलात की घरी. त्यामुळे ट्रिनिटीला पुन्हा खेळायला मिळालं. त्यांनी त्याच जॉन्स हॉपकिन्सला ५-४ असं एका धावेने हरवलं आणि अजिंक्यपद नेलं. हंगामाचा हिशेब ४५-१, सरासरी .९७८. नियम आपल्या बाद फेरीसारखा असता तर हाच संघ ४४-१ असा हात हलवत परत गेला असता. मुलं तीच, घाम तोच. फक्त नियमावलीतली एक ओळ वेगळी. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला परिपत्रकातल्या एका ओळीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

इथं मी खरं म्हणजे निकाल लिहायला हवा होता. पण ऑडिटची सवय वाईट. शेजारच्या फायलीही उघडल्या. आणि तिसऱ्या फायलीने सगळा घोटाळा केला.

इलिनॉय वेस्लियन. साल २०१०. हिशेब ३१-२१. तीस आणि एक जिंकले, वीस आणि एक हरले. सरासरी .५९६. आमच्या वेळी याला ‘साधा सेकंड क्लास’ म्हणत आणि मुलीकडचे ‘विचार करून कळवतो’ असं म्हणून उठत. या संघाने त्या वर्षीचं अजिंक्यपद जिंकलं! आधी वाटलं आपली वाचायची चूक झाली. पुन्हा पाहिलं. ३१-२१. एकवीस वेळा हरलेला संघ देशाचा विजेता. आणि अंतिम सामन्यात हरला कोण? न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्टलँड. हे कॉर्टलँड आधी २००५ सालीही अंतिम सामन्यात हरलं होतं. बर्फाळ प्रदेशातलं कॉलेज, वर्षानुवर्षं दणदणीत हंगाम आणि ॲपलटनला गेलं की रिकाम्या हाताने परत. शेवटी २०१५ साली त्यांना अजिंक्यपद मिळालं. मला इतका आनंद झाला, की मी सौभाग्यवतींना उठून सांगितलं, “अगं, कॉर्टलँड जिंकलं!” त्यांनी शांतपणे विचारलं, “गॅस बंद केलात का?”

रात्री भाच्याला फोन लावला. म्हटलं, हे असं कसं होतं? तो म्हणाला, “मामा, हंगामात बहुतेक सामने शनिवार-रविवारी. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. एकदा पुरता फेकला की त्याचा हात चारपाच दिवस कामाचा नसतो. दोन उत्तम पिचर असले तरी हंगाम छान जातो. अंतिम स्पर्धेत आठवड्याभरात पाच-सहा सामने. तिथं तिसरा, चौथा, पाचवा पिचर लागतो. मग कधी ज्याचा पाचवा बरा, तो जिंकतो.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोजच्या कामाला दोन हुशार माणसं पुरतात. मार्चअखेरीला मात्र शिपायापासून सगळे हजर असावे लागतात. हे मला बावीस वर्षं ठाऊक होतं, फक्त त्याला बेसबॉल म्हणतात हे माहीत नव्हतं.

शिवाय आपापल्या कॉन्फरन्सची, म्हणजे गटाची, स्पर्धा जिंकणाऱ्याला पुढच्या फेरीत थेट प्रवेश असतो. त्यामुळे हंगामभर धडपडत आलेला संघही योग्य आठवड्यात उभा राहिला तर आत शिरतो. वशिल्याने नव्हे, नियमाने. आणि एकदा आत शिरला की त्याच्या एकवीस हारा कुणी विचारत नाही. पाटी कोरी.

मला आमच्या विभागीय कचेरीचं ‘उत्कृष्ट कर्मचारी’ पारितोषिक आठवलं. ते दरवर्षी एप्रिलमध्ये देतात आणि जानेवारी ते मार्चच्या कामगिरीवर ठरवतात. एका वर्षी आमच्या शाखेतल्या एका तरुणाला मिळालं. त्याने नऊ महिने चहाच्या टपरीवर काढले आणि शेवटच्या तीन महिन्यांत अशा विमा पॉलिश्या विकल्या, की स्टेशनवरचे हमाल त्याला पाहून फलाट बदलू लागले. त्या वेळी मी चिडलो होतो. इलिनॉय वेस्लियनची फाईल वाचल्यावर राग थोडा उतरला. त्या तीन महिन्यांत तो खरोखर राबला होता, हे नाकारता येत नाही. अडचण एवढीच, की पारितोषिकावर ‘मार्चमधला उत्कृष्ट’ असं न लिहिता नुसतंच ‘उत्कृष्ट’ लिहितात.

आणखी काही नोंदी केल्या, त्याही सांगतो. १९७८ आणि १९७९ साली जिंकलेल्या त्या ग्लासबरो स्टेटचा आज त्या नावाने शोध घेतला तर सापडत नाही. १९९२ साली हेन्री रोअन नावाच्या उद्योगपतीने आणि त्याच्या पत्नीने कॉलेजला दहा कोटी डॉलर दिले आणि कॉलेजने नावच रोअन करून घेतलं. आम्ही दहा कोटींच्या ठेवीवर कॅलेंडर देतो. पहिली दोन अजिंक्यपदं, १९७६ आणि १९७७ ची, जिंकणारं कॅलिफोर्नियाचं स्टॅनिस्लॉस पुढं वरच्या वर्गात निघून गेलं.

मिनेसोटाच्या सेंट थॉमसची गोष्ट तर आणखी वेगळी. बेसबॉलची अजिंक्यपदं दोन, २००१ आणि २००९. पण इतर खेळांतही हे कॉलेज शेजाऱ्यांना एवढं भारी पडायला लागलं, की २०१७ साली अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्यात त्यांनी सेंट ओलाफ कॉलेजला ९७-० असं हरवलं. शेवटी २०१९ साली त्यांच्या कॉन्फरन्सने ठरवलं, की तुमच्याबरोबर बरोबरीची लढत होत नाही, तुम्ही बाहेर पडा. जास्त जिंकतात म्हणून काढून टाकलं! २०२१ साली ते तिसऱ्या वर्गातून एकदम पहिल्यात गेले. आमच्याकडे फार चांगलं काम करणाऱ्याची बदली होते, तसंच म्हणा.

मेरिएटावाल्याला वाटलं, आता आपलंच खरं. पण भाच्याने आणखी एक खातं उघडून दिलं. एनसीएएखेरीज एनएआयए नावाची लहान कॉलेजांची दुसरी संस्था आहे. तिच्यात आयडाहो राज्यातल्या लुइस्टन गावच्या लुइस-क्लार्क स्टेट कॉलेजने बेसबॉलची एकोणीस अजिंक्यपदं मिळवली आहेत. एकोणीस! त्यातली सोळा एड चेफ या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, १९८४ ते २००८ या काळात. इथंही घरच्या मैदानाची भानगड आहेच. ही अंतिम स्पर्धा लुइस्टनलाच भरते आणि यजमान म्हणून लुइस-क्लार्कला थेट प्रवेश मिळत असे. यजमानाला पहिल्या पंक्तीत पान वाढलेलं असावं, तसं. मात्र मध्ये काही वर्षं स्पर्धा परगावी गेली होती, तेव्हाही हे तिथून कप उचलून आले. मग मेरिएटाची सहा मोठी की लुइस-क्लार्कची एकोणीस? मी निर्णय दिला, की खाती वेगळी आहेत. त्या संस्थेत शिष्यवृत्त्या देता येतात, नियम निराळे. सहकारी पतपेढीचा नफा आणि राष्ट्रीयीकृत बँकेचा नफा एका रकान्यात मांडता येत नाही. आणि त्याच लुइस्टनला २०२५ साली लुइझियानाच्या एलएसयू श्रीव्हपोर्ट या संघाने अजिंक्यपद जिंकून हंगाम संपवला तो ५९-० असा. एकही हार नाही. नावेची बाजू कोरी. हा आकडा मी कागदावर लिहिला आणि थोडा वेळ नुसता बघत बसलो. इतका स्वच्छ ताळेबंद दिसला की ऑडिटरला संशय येतो. इथं संशयालाही जागा नव्हती.

शेवटची फाईल मी स्वतः मागितली. म्हटलं, “सगळ्यात वर कोण ते कळलं. सगळ्यात खाली कोण?”

भाचा हसला. “कॅलटेक, मामा.”

कॅलिफोर्नियाचं कॅलटेक म्हणजे विज्ञानाचं तीर्थक्षेत्र. तिथल्या नोबेलवाल्यांची नुसती नावं वाचायला पेला भरून पाणी जवळ ठेवावं लागतं. खेळात हे कॉलेज तिसऱ्या वर्गात. त्यांचा बेसबॉलचा संघ २००३ पासून जो हरायला लागला तो थेट २०१३ च्या फेब्रुवारीपर्यंत. लागोपाठ २२८ सामने. दहा वर्षं! मुलं आली, एकही सामना न जिंकता पदवी घेऊन गेली, नवी आली, तीही हरून गेली. आणि २ फेब्रुवारी २०१३ रोजी ते ९-७ असे जिंकले.

मी हिशेब केला. २२८ हारांनंतर २२९ व्या दिवशी बूट बांधून मैदानावर जायचं, याला सरासरीत जागा नाही. अजिंक्यपदाच्या यादीत तर नाहीच नाही. माझ्या स्वतःच्या प्रमोशनच्या परीक्षांची नोंद ०-४ अशी आहे. त्या रात्री ती मला एकदम मध्यम वाटू लागली.

मग निकाल लिहिला. तीन रकाने केले. पहिल्यात अजिंक्यपदं: मेरिएटा. दुसऱ्यात तिसऱ्या वर्गातला डोळे दिपवणारा एक हंगाम: ट्रिनिटी. तिसऱ्यात रोजची वागणूक: पुन्हा मेरिएटा, कारण चाळीस वर्षं .८१२ हा योगायोग नव्हे, आणि नंतरच्या माणसाने ते परगावी जाऊन सिद्ध केलं. खाली टीप दिली: ‘रोजकीर्द आणि ताळेबंद ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. अजिंक्यपद म्हणजे एका दिवशीची शिल्लक. सरासरी म्हणजे वर्षभराचा व्यवहार. एका पुस्तकातली रक्कम दुसऱ्यात ओढू नये.’ मेरिएटावाला खूश झाला. ट्रिनिटीवाला म्हणाला म्हणे, की तुझा मामा बँकवाला शोभतो. नकार देतो तोही ठेवीदाराला चहा पाजून.

निकाल पाठवला आणि समोर तो दुसरा कागद दिसला. ‘आदरणीय अण्णा.’ महिनाअखेर उद्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाखेत शाल झाली, श्रीफळ झालं, बटाटेवडे आले. साहेबांनी मला उभं केलं. मी म्हणालो, “अण्णांना पारितोषिक मिळालेलं नाही, हे आपल्याला माहीत आहे. ती पारितोषिकं शेवटच्या सामन्याची असतात. मी अण्णांचा हंगाम मोजून आणला आहे. नोकरी एकतीस वर्षं. रविवार, सुट्ट्या, रजा, संप वजा जाता वर्षाला सरासरी दोनशे साठ दिवस धरले, तर आठ हजार साठ दिवस. रोज संध्याकाळी एक सामना: हातातली रोख विरुद्ध वहीतली रोख. अण्णा त्यातले किती हरले?”

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा. पंचवीसएक वर्षांपूर्वी मार्चअखेरीला गर्दीत रोख पाच हजारांनी कमी भरली होती. कुणाला जादा गेले ते शेवटपर्यंत कळलं नाही. अण्णांनी ते पगारातून हप्त्याहप्त्याने भरले आणि त्यानंतर शेवटच्या गड्ड्या दोनदा मोजायला लागले. ते स्वतः त्या दिवसाखेरीज नोकरीतल्या दुसऱ्या कुठल्याच दिवसाबद्दल बोलत नसत.

“म्हणजे अण्णांची नोंद ८०५९-१,” मी म्हणालो. “आता गंमत ऐका. अमेरिकेत बेसबॉलची सरासरी तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. अण्णांचा भागाकार येतो .९९९८ आणि पुढं काहीतरी. तीन स्थळांपर्यंत आणला तर पूर्ण एक! अण्णा, तिकडच्या पद्धतीने तुमची ती हार दिसतच नाही. पुसली गेली.”

टाळ्या झाल्या. कोपऱ्यातला तो पारितोषिकवाला तरुण सगळ्यात जोरात वाजवत होता, हे नमूद करतो. अण्णा उठले. त्यांनी शाल सावरली, चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता ते दोन शब्द बोलणार.

“भाषण छान केलंस रे,” ते म्हणाले. “पण राउंड ऑफ करू नकोस. एक आहे ती एक राहू दे.”

आणि बसण्याआधी त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, वरपासून खालपर्यंत बेरीज एकदा तपासली आणि सवयीने खाली सही केली.